नरेन ताम्हाणे: २१ कसोटी, १०ची सरासरी, तरी एवढं नाव कशाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील म्हणायचे, नरेन ताम्हाण्यांसारखा कीपर मुंबईनं पुन्हा पाहिला नाही. तुम्ही रेकॉर्ड काढून बघितलं, तर २१ कसोटी, २२५ धावा, सरासरी १०.२२. वर हेही कळलं की लेगस्पिनर सुभाष गुप्त्यांची एका डावात दहा बळी घ्यायची संधी ज्यांच्या हातून निसटली ते हेच. मग वडिलांच्या आठवणीत साखर जास्त पडली होती, की आकड्यांतून काहीतरी दिसायचं राहतंय?

दिसायचं राहतंय. पण वडिलांच्या बाजूनं बोलताना मी तो सुटलेला झेल झाकणार नाही. उलट त्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी माझा अधिकार किती ते सांगतो. मी २२ वर्षं कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईच्या पावसाळी क्लब स्पर्धेत, आणि ऑफिसच्या सामन्यांत कीपिंग केलं. आता मैदानावर मुलांना तेच शिकवतो. ताम्हाण्यांना कसोटी खेळताना मी पाहिलेलं नाही, माझं वय तिथे पोचत नाही. मला कीपिंग शिकवणारे आमच्या क्लबातले एक जुने गृहस्थ होते, त्यांनी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ताम्हाण्यांना भरपूर पाहिलं होतं. मी त्यांना विचारायचो, ताम्हाणे कसे होते? ते म्हणायचे, "दिसायचेच नाहीत." मला वाटायचं, म्हातारा टाळतोय. पाच-सहा मोसम लेगस्पिनरच्या मागे उकिडवा बसल्यावर कळलं की याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

आता आकडे. पण फलंदाजीच्या रकान्यातून सुरुवात करू नका. तो रकाना आपण शेवटी बघू, कारण शेवटी त्यांचं नुकसान त्यानंच केलं. कीपरच्या रकान्यात काय आहे? ५१ बळी. त्यात ३५ झेल आणि १६ यष्टिचीत. म्हणजे कसोटीमागे २.४३. त्या काळात जगातला सर्वोत्तम मानला जाणारा इंग्लंडचा गॉडफ्री इव्हान्स ९१ कसोटींत २१९ बळी घेऊन गेला, म्हणजे कसोटीमागे २.४१. यावरून ताम्हाणे इव्हान्सपेक्षा सरस होते असं मी म्हणणार नाही. ९१ कसोटी टिकणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि इव्हान्सला मिळालेली गोलंदाजी वेगळी, खेळपट्ट्याही वेगळ्या. पण '२१ कसोटींचा किरकोळ कीपर' हे चित्र एवढ्यावरच पुसलं जातं.

मला या आकड्यातली खरी गंमत दिसते ती १६ यष्टिचीतमध्ये. ५१ मधले १६ म्हणजे जवळजवळ ३१ टक्के. इव्हान्सचे २१९ पैकी ४६, म्हणजे २१ टक्के. आपल्याकडे सय्यद किरमाणीचे १९८ पैकी ३८, म्हणजे १९ टक्के. फारुख इंजिनियरचे ८२ पैकी १६, तेही जवळपास तेवढेच. यष्टिचीत म्हटलं की आज ज्याचं नाव सगळ्यात आधी तोंडात येतं त्या धोनीचे २९४ पैकी ३८, म्हणजे १३ टक्के. ताम्हाण्यांच्या वरचं मोठ्या कारकिर्दीचं उदाहरण हवं तर मागे, ऑस्ट्रेलियाच्या बर्ट ओल्डफील्डकडे बघा: १३० पैकी ५२, तब्बल ४० टक्के. आणि ओल्डफील्ड कुणामागे उभा राहिला? मेली आणि ग्रिमेट. दोघेही लेगस्पिनर. प्रथम श्रेणीतही ताम्हाण्यांचं प्रमाण हेच आहे: ९३ सामने, २५३ बळी, त्यातले ७९ यष्टिचीत. म्हणजे हा एखाद्या मालिकेतला योगायोग नाही. त्यांचं कामच तसं होतं.

काम तसं का होतं, तर भारताच्या गोलंदाजीमुळे. पन्नासच्या दशकात निसार आणि अमरसिंग हे वेगवान गोलंदाज इतिहासजमा झाले होते आणि रमाकांत देसाई यायला १९५९ उजाडायचं होतं. नवा चेंडू टाकायचे फडकर, रामचंद, उम्रीगर. म्हणजे मध्यमगती, आणि त्यांनाही अनेकदा स्टंपला लागून उभं राहायचं. दहा-बारा षटकांत चेंडू मंकड, गुलाम अहमद, गुप्ते या फिरकीवाल्यांच्या हातात. इंग्लंडचा कीपर दिवसाचा बराच भाग मागे, स्लिपच्या रांगेत उभा असतो. आपला कीपर सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत यष्ट्यांवर नाक टेकून. हेल्मेट नाही. ग्लोव्हज चामड्याचे, तळव्यावर बारीक दाण्यांचं रबर, आत शॅमॉयचे, म्हणजे मऊ कातड्याचे, पातळ ग्लोव्हज, आणि अंगठा-तर्जनीमधली आजची जाळी नसल्यातच जमा. चेंडू तिथे 'अडकत' नव्हता, तो पकडावाच लागायचा.

ताम्हाण्यांच्या आधी ही जागा कशी रिकामी होती तेही बघा. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली. मंकडनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले, आणि मागे होता बंगालचा प्रबीर सेन. त्यानं त्या एका सामन्यात पाच जणांना यष्टिचीत केलं. असा सामना खेळल्यावर माणूस पाच वर्षं निर्धास्त झोपला पाहिजे. पण १९५१ ते १९५३ या दोनेक वर्षांत भारतानं पाच कीपर फिरवले: नाना जोशी, माधव मंत्री, सेन, राजिंदरनाथ, माका. राजिंदरनाथची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध मुंबईत एकच कसोटी मिळाली, त्यात चार यष्टिचीत, झेल एकही नाही, आणि पुन्हा कधीच बोलावणं नाही. वेस्ट इंडिजमध्ये तर एकदा विजय मांजरेकरांनाही ग्लोव्हज चढवावे लागले. निवड समितीला कीपर नको होता असं नाही, फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायची सवय नव्हती.

अशात १ जानेवारी १९५५ ला ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पाकिस्तानात, नरेंद्र शंकर ताम्हाणे पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी खेळले. वय २३. मुंबईकडून रणजीत येऊन जेमतेम एक मोसम झाला होता, आणि ज्यांच्यानंतर मुंबईचे ग्लोव्हज त्यांच्याकडे आले ते माधव मंत्री त्याच दौऱ्यावर होते. कर्णधार विनू मंकड. ती मालिका क्रिकेटच्या इतिहासातल्या रटाळ मालिकांत गणली जाते. पाच कसोटी, पाचही अनिर्णित, दोन्ही संघ हरायला एवढे घाबरलेले की जिंकायचं कुणाला सुचलंच नाही. आकडेवारीत त्या मालिकेची आठवण ठेवावी असं फारसं काही नाही, एक गोष्ट सोडून. ताम्हाण्यांनी पाच कसोटींत १९ बळी घेतले, १२ झेल आणि ७ यष्टिचीत.

हा १९ चा आकडा एका मालिकेतला भारतीय कीपरचा विक्रम झाला. १९७९-८० मध्ये किरमाणीनं त्याची बरोबरी केली, तीही पाकिस्तानविरुद्धच, पण सहा कसोटींत आणि त्यात यष्टिचीत दोनच. मोडायला थेट रिषभ पंत यावा लागला, २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात, २० बळी. ते २०च्या २० झेल. म्हणजे २३ वर्षांच्या नवख्या पोरानं पहिल्याच मालिकेत केलेली गोष्ट ६४ वर्षं टिकली, आणि ती मोडली तेव्हा कीपिंगचं स्वरूपच बदललेलं होतं. पंत बुमराह-शमीच्या मागे वीस यार्डांवर उभा होता. ताम्हाणे यष्ट्यांपासून हातभर अंतरावर.

त्या मालिकेतले काही सामने मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर झाले. ज्यांनी मॅटिंगवर कीपिंग केलेलं नाही त्यांना वाटतं, चटई म्हणजे सरळ उसळी, सोपं काम. उसळी सरळ असते हे खरं. पण ती वर असते. मातीवर चेंडू पोटरीपासून गुडघ्यापर्यंत येईल या हिशेबानं बसायची सवय लागते, मॅटिंगवर तोच चेंडू पोटाशी येतो, आणि स्पिनरचा असेल तर चटईला नख लावल्यासारखा झटकन वळून येतो. तिथे लवकर उठलात तर चेंडू ग्लोव्हजच्या खालून जातो, उशिरा उठलात तर बोटांच्या टोकावर बसतो आणि तुमचं नख काळं होतं. मुलांना आम्ही एकच वाक्य घोकायला लावतो: बॉलबरोबर उठ. बॉलच्या आधी नाही, नंतरही नाही. सांगायला चार शब्द, जमायला चार वर्षं.

आता गुप्ते. त्यांच्याशिवाय ताम्हाणे समजत नाहीत, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सुभाष गुप्ते: ३६ कसोटी, १४९ बळी. वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सनं सांगितलंय की आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिनर हाच. गुप्त्यांकडे दोन गुगली होत्या, म्हणजे लेगब्रेकसारखे दिसून उलट, आत वळणारे चेंडू. एक नेहमीची, हाताच्या पाठीतून येणारी, जी चांगला फलंदाज मनगट बघून ओळखू शकतो. दुसरी अशी की मनगटाचा फरक कळायचाच नाही. फलंदाज फसला तर एक विकेट जाते. कीपर फसला तर विकेट जात नाहीच, वर चार बाय जातात, म्हणजे बॅटला न लागता कीपरला चुकवून गेलेल्या धावा. कीपरला हे कोडं फलंदाजाच्याही आधी सुटावं लागतं, कारण फलंदाज पॅड पुढे टाकून वेळ मारून नेऊ शकतो. कीपरकडे पॅड टाकायची सोय नाही.

एक चेंडू हळूहळू बघू, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. उजवा फलंदाज. लेगस्पिनरनं चेंडू मधल्या यष्टीच्या रेषेत वर उडवला आहे. फलंदाजाला तो लेगब्रेक वाटतो, म्हणून तो पुढे सरसावून ऑफला ड्राइव्ह करायला जातो. क्रीज यष्ट्यांपासून चार फूट पुढे, त्याचा मागचा पाय आता त्याच्या इंचभर बाहेर. पण ती गुगली आहे. चेंडू आत वळून बॅट आणि पॅडच्या मधून लेगला निघाला. या क्षणी कीपरला चेंडू दिसत नाही. फलंदाजाचं ढुंगण, पॅड, बॅट, सगळं मध्ये. ज्या कीपरनं हातातून गुगली ओळखली नाही त्याचं वजन अजून ऑफकडच्या पायावर आहे, तो आता कितीही झेपावला तरी चेंडू फाइन लेगच्या सीमेवर. ज्यानं ओळखली तो चेंडू टप्पा पडायच्या आतच डावा पाय लेगकडे टाकून बसला आहे. डोकं खाली, हात खाली, बोटं जमिनीकडे. चेंडू फलंदाजाच्या मागून पुन्हा दिसू लागतो तेव्हा तो सरळ ग्लोव्हजमध्ये येतोय. हात चेंडूबरोबर सहा-आठ इंच मागे जातात, आणि त्याच वळणात बेल्सकडे येतात. दोन वेगळ्या हालचाली नाहीत, एकच अर्धवर्तुळ. फलंदाजाचा पाय हवेत आहे किंवा रेषेवर आहे, आणि अंपायरचं बोट वर.

हे बघणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही. झेप नाही, लोळण नाही, मातीचा धुरळा नाही. माणूस पायांवर उभा आहे आणि बेल्स खाली पडल्या आहेत. 'दिसायचेच नाहीत' म्हणजे हे. जो कीपर दिवसातून सहा वेळा झेपावतो त्याला टाळ्या मिळतात, पण त्यातल्या चार वेळा तो झेपावतो कारण त्याचे पाय उशिरा हलले. मी स्वतः बऱ्यापैकी झेपावणारा कीपर होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

आता तो झेल. डिसेंबर १९५८, कानपूरचं ग्रीन पार्क, वेस्ट इंडिजविरुद्ध दुसरी कसोटी. पहिल्या डावात वेस्ट इंडिज २२२. गुप्ते १०२ धावांत ९ बळी. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. उरलेला एक बळी वसंत रांजण्यांचा, त्यांनी लान्स गिब्जचा त्रिफळा उडवला. आणि त्याआधी गुप्त्यांच्या गोलंदाजीवर गिब्जचा झेल ताम्हाण्यांकडून सुटला होता. इंग्लंडच्या जिम लेकरनं मँचेस्टरला एका डावात दहा बळी घेऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. तो झेल बसता, तर कदाचित जगातला दुसरा माणूस आपला गुप्ते ठरला असता, आणि १९९९ मध्ये दिल्लीला कुंबळेनं दहा घेतले तेव्हा तो तिसरा म्हणून मोजला गेला असता.

झेल सुटला यात वाद नाही. पण शेपटातला फलंदाज, स्टंपला लागून उभा कीपर आणि लेगस्पिनर, हे झेलांतलं सगळ्यात बेभरवशाचं त्रिकूट आहे हे लक्षात घ्या. साधा हिशेब करा. स्पिनरचा चेंडू बॅटपाशी ताशी ७०-८० किलोमीटरनं येतो, म्हणजे सेकंदाला साधारण २० मीटर. बॅटची कड ते ग्लोव्हज हे अंतर दीड मीटर. म्हणजे कड लागल्यापासून हाताशी येईपर्यंत साधारण ०.०७ सेकंद. माणसाला डोळ्यांनी बघून हात हलवायला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे स्टंपपाशी घेतलेला झेल कुणीच 'बघून' घेत नाही. हात चेंडूच्या मूळ रेषेवर असतात, ते मऊ असतील आणि कड बारीक असेल तर चेंडू आपोआप तळव्यात राहतो. कड जाड लागली की चेंडू दिशा बदलतो आणि तळव्याच्या कडेवर, मनगटावर किंवा अंगठ्याच्या मुळावर आदळतो. चांगला फलंदाज बारीक कड देतो, कारण तो चेंडूच्या जवळपास असतो. गिब्जसारखा शेपटातला माणूस बॅट कुठूनही आणतो. म्हणून शेपूट आलं की कीपरचं काम सोपं होत नाही, अवघड होतं. कॉमेंटरीत हे कुणी सांगत नाही.

मी स्वतः कांगा लीगमध्ये असाच एक सोडलाय. भर जुलै, ओली खेळपट्टी, आमच्या लेगस्पिनरच्या खात्यात सात, समोर दहावा नंबर, आणि चेंडू माझ्या उजव्या अंगठ्यावर आपटून शॉर्ट लेगच्या पायाशी. आठवा बळी त्याला मिळालाच नाही. पुढचे तीन रविवार तो माझ्याशी फक्त अपील करताना बोलला. कांगा लीगच्या आठव्या बळीसाठी एवढं, तर कसोटीतल्या दहाव्यासाठी काय असेल याचा विचार मी करायला जात नाही. पण एक गोष्ट तुम्ही करून बघा: त्या डावाचा जमाखर्च मांडताना एक सुटलेला झेल एका बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला ठेवा तो कीपर, ज्याच्या भरवशावर गुप्ते डावभर दोन्ही गुगली बिनधास्त लेगला सोडू शकत होते. मागे भरवशाचा कीपर नसेल तर लेगस्पिनर हळूहळू चेंडू ऑफ यष्टीबाहेर नेऊ लागतो, गुगली कमी टाकू लागतो. बायच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, पण कर्णधाराचा चेहरा त्याला दिसतोच. नऊ बळींमध्ये कीपरचा हा वाटा कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्याच मैदानावरची पुढची गोष्ट मात्र लोक ताम्हाण्यांच्या नावाशी जोडायला विसरतात. बरोबर एक वर्षानं, डिसेंबर १९५९. ग्रीन पार्कवर नवी टर्फ खेळपट्टी, समोर ऑस्ट्रेलिया. जसू पटेल ६९ धावांत ९, दुसऱ्या डावात ५५ धावांत ५. भारत ११९ धावांनी जिंकला, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा आपला पहिला विजय. कीपर? ताम्हाणे. कसोटीतले भारताचे पहिले दोन 'नऊ बळी', दोन्ही कानपूरला, आणि दोन्ही वेळी यष्ट्यांमागे एकच माणूस. एक लेगस्पिनर, दुसरा ऑफस्पिनर. दुसरी खेळपट्टी अशी ताजी, की ऑस्ट्रेलियाचा शेवटचा डाव १०५ वर आटोपला. अशा खेळपट्टीवर एक चेंडू नडगीवर आणि पुढचा छातीवर येतो. फलंदाज बाद होऊन तंबूत जातो तरी, कीपरला शेवटपर्यंत तिथेच बसायचं असतं. गिब्जचा झेल आठवणाऱ्यांनी हाही सामना आठवावा एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि या विजयानंतर काय झालं? तिसरी कसोटी मुंबईत, ब्रेबॉर्नवर, ताम्हाण्यांच्या घरच्या मैदानावर. कीपर म्हणून खेळला बुधी कुंदरन, ज्यानं तोवर रणजीसुद्धा खेळलेलं नव्हतं. पुढच्याच कसोटीत मद्रासला त्यानं ७१ धावा तडकावल्या, आणि खरं सांगायचं तर ताम्हाण्यांचा काळ त्या दिवशी संपला.

म्हणजे आता आपण त्या फलंदाजीच्या रकान्यापाशी आलो. ताम्हाण्यांना बॅट धरता येत नव्हती असं नाही. पहिल्याच मालिकेत बहावलपूरला त्यांनी नाबाद ५४ केल्या, संघाच्या २३५ मध्ये. प्रथम श्रेणीत एक शतकही आहे, नाबाद १०९. पण मुंबईच्या संघात त्यांच्या वर एवढे फलंदाज होते की त्यांच्या धावांची गरजच क्वचित पडायची. १९५८-५९ पासून मुंबईनं सलग १५ वर्षं रणजी जिंकली, त्या मालिकेची सुरुवातीची वर्षं त्यांची. क्लबात, मुंबईत त्यांना कुणी धावा मागितल्या नाहीत. भारताला मात्र धावा हव्या होत्या, कारण वरचे फलंदाज वेस्ट इंडिजच्या हॉल आणि गिलख्रिस्टच्या वेगासमोर कोसळत होते. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात तर आपण ५-० हरलो. वरची फळी धावा करत नाही म्हणून खालच्या कीपरला बदलायचं, हा न्याय आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

इंग्लंड दौऱ्यावर जोडीला नाना जोशी होते. पुण्याच्या वाचकांना मी त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं चालणार नाही आणि मला बोलायचंही नाही, फार नीटस कीपर. पण १९६०-६१ ची पाकिस्तान मालिका बघा, म्हणजे निवड समितीचा कारभार कळेल. पहिली कसोटी मुंबईला, कीपर जोशी. त्यांनी रमाकांत देसाईंबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या, देसाई ८५, जोशी नाबाद ५२. तो जोशींचा शेवटचा कसोटी सामना ठरला! पुढच्या दोन कसोटींत ताम्हाणे आले, आणि त्यातली कलकत्त्याची कसोटी त्यांची शेवटची. उरलेल्या दोन कसोटींना कुंदरन. पाच कसोटी, तीन कीपर. त्यानंतर इंजिनियर आला, कुंदरननं १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध १९२ केल्या, दोघांचीही कसोटी सरासरी तिशीच्या वर आणि दोघांचीही दोन-दोन शतकं. मग ताम्हाण्यांकडे परत कोण वळून बघणार? शेवटच्या कसोटीच्या वेळी ते २९ वर्षांचे होते. कीपरचं उमेदीचं वय.

मला मात्र यात धावांइतकीच आणखी एक गोष्ट दिसते. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीला गुप्ते शेवटची कसोटी खेळले. ताम्हाण्यांची शेवटची कसोटी त्याआधी एकच वर्ष. गुप्ते गेल्यावर आपली फिरकी नाडकर्णी, बोर्डे, दुराणी यांच्याकडे आली. तिघेही गुणी, पण हाताच्या पाठीतून दोन वेगवेगळ्या गुगली टाकणारा कुणी नाही. नाडकर्णींच्या मागे बसायला जो कीपर लागतो त्याला बॅटही चालवता आली तर उत्तमच, कारण चेंडू कुठे येणार हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं. ज्या कामासाठी ताम्हाण्यांसारखा माणूस लागत होता ते कामच काही वर्षं उरलं नाही. ते परत आलं लेगस्पिनर चंद्रशेखरबरोबर, आणि तेव्हा इंजिनियर होता, मग किरमाणी.

पुढे ते निवड समितीवर गेले, ही नियतीची मस्करी म्हणा. १९८९ मध्ये पाकिस्तान दौऱ्यासाठी १६ वर्षांच्या सचिन तेंडुलकरला घ्यायचं की नाही यावर चर्चा झाली त्या समितीत राजसिंग डुंगरपूर अध्यक्ष आणि ताम्हाणे सदस्य. इतक्या लवकर नेला आणि अपयशी झाला तर, या शंकेवर ताम्हाण्यांनी तो अपयशी होत नाही असं ठामपणे सांगितलं, ही गोष्ट मुंबईच्या मैदानांवर आजही सांगतात. पाकिस्तानात कोवळ्या वयात पहिली मालिका खेळणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांना इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. २००२ च्या मार्चमध्ये ते गेले.

आता वडिलांचं म्हणणं. 'पुन्हा पाहिला नाही' हे मी सही करून देणार नाही, कारण मी किरमाणीला वानखेडेवर पाहिलंय आणि त्याच्या पुढे कुणालाही ठेवताना माझी जीभ अडखळते. पण स्टंपला लागून, लेगस्पिनवर, त्या ग्लोव्हजनी, असं म्हणत असाल तर वडील बरोबर होते.

त्यांनी कात्रणं ठेवली असतील, आणि त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांनी ठेवलेली असतात, तर जुनी धावफलकं काढून बघा. 'यष्टि. ताम्हाणे गो. गुप्ते' अशा ओळी शोधा, आणि मग खाली 'अवांतर' मध्ये बाय किती आहेत तेही बघा. गुप्त्यांनी तीस-चाळीस षटकं टाकलेल्या डावात तिथे लहान आकडा दिसला, तर त्या दिवशी यष्ट्यांमागे काय चाललं होतं ते तुम्हाला कळेल. कात्रण सापडलं तर मलाही दाखवा.